लाह्यांचं टोपलं

लाही जाळानं फुटते असं पुष्कळांना वाटतं. आमची आई म्हणायची, लाही पाण्यानं फुटते, जाळ नुसतं निमित्त. जोंधळा असो नाहीतर मका, दाण्याच्या पोटात थोडंसं पाणी असतंच. वरचं टरफल घट्ट असलं की तापल्यावर त्या पाण्याची वाफ आतल्या आत कोंडते, आणि १८० अंशांच्या पुढेमागे कधीतरी टरफल फाटून पोटातलं पीठ फेसासारखं फुलून बाहेर येतं. मक्यात हे पाणी शंभर भागांत तेरा-चौदा भाग असलं की लाही झकास होते. कमी असलं तर दाणा नुसता भाजतो. हे आकडे मी फार पुढे, शाळेत शिकवायला लागल्यावर वाचले. आईपाशी आकडे नव्हते. तिच्यापाशी तळहात होता.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात, जेजुरीपासून दोन कोसांवर. जिरायत. कऱ्हा जवळून जायची, पण ती पावसाळ्यातले चार दिवस सोडले तर वाळूचीच नदी. रानात रब्बीचा जोंधळा, बांधाच्या कडेनं चार ओळी लाह्यांच्या जोंधळ्याच्या. त्याचं कणीस वेगळं काढायचं आणि दाणा गाडग्यात जपून ठेवायचा, तो थेट नागपंचमीला. पंचमीच्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. म्हणून लाह्या आदल्या दिवशीच. आई त्याच्याही आदल्या रात्री निवडलेला जोंधळा उकळत्या पाण्यात टाकायची, घटकाभरानं उपसायची आणि फडक्यात घट्ट बांधून चुलीच्या उबेला ठेवायची. सकाळी ते गाठोडं सोडून दाणे सावलीत पसरायचे. उन्हात नाही. मूठ भरून हातावर घोळवलं की दाणा वरून कोरडा लागला पाहिजे आणि दाताखाली धरला तर आतून ओला. हा क्षण फार थोडा वेळ असतो. आई बाकीची कामं टाकून त्याच्यावर बसून असायची.

मग लोखंडी कढई तापून पार लाल. एकावेळी मूठभरच जोंधळा, आणि काठीला बांधलेल्या चिंधीच्या बोळ्यानं तो सारखा फिरवायचा. तडतड सुरू झाली की टोपल्यात. शेवटी चाळून गणंग बाजूला काढायचे. गणंग म्हणजे न फुटलेले दाणे. तेही वाया जात नसत, भरडून ताकात जात.

त्या लाह्यांचे गूळ घालून लाडू व्हायचे, सोबत भाजलेले शेंगदाणे. आज ज्याला लोक चिक्की म्हणतात ती लोणावळ्यातसुद्धा आधी गुडदाणी म्हणूनच विकली जायची. आमच्याकडे गुडदाणीत लाही मिसळायची, एवढाच फरक. शेंगदाणा घरचा असला तर निम्मेनिम्म, विकतचा असला तर मोजून.

पण खरी परीक्षा पाकाची. गुळाचा पाक कढत आला की तो बुडबुड्यांनी वर येतो, मग बुडबुडे दाट होतात आणि आवाज बदलतो. आई वाटीत गार पाणी घेऊन त्यात थेंब टाकायची. थेंब बोटांनी ओढला आणि रबरासारखा लांबला, तर अजून अवकाश. वाटीच्या काठावर आपटला आणि टण् वाजला, कट्कन मोडला, की कढई खाली. त्यापुढं अर्धं मिनिट जरी चुलीवर राहिला तरी कडू होतो. गूळ मुळातच भाजलेला असतो, साखरेइतकी उसंत तो देत नाही. पाक हुकला तर लाडू दाताला चिकटतो, जळला तर तोंडातून टाकावा लागतो. दोन्हीकडं लाह्या गेल्याच.

हे सगळं सणापुरतं होतं. बहात्तरच्या दुष्काळानं ते बदललं. त्या वर्षी रानात काहीच उगवलं नाही. गाडग्यातला लाह्यांचा जोंधळाही दळून खाल्ला. पोट रेशनच्या लाल मिलोवर. दादा, म्हणजे आमचे वडील, दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि तिथं मिळणारी सुकडी आम्हा पोरांसाठी धोतराच्या सोग्यात बांधून आणत. आईनं पंचमीच्या आधी मिलोच्याच लाह्या करून बघितल्या. थोड्या फुटल्या, बाकी सगळे गणंग. तिनं त्या वारुळाला वाहिल्या आणि नागोबाला म्हणाली, "औंदा हेच गोड मानून घे रं बाबा."

१९७४ साली मी जुनी अकरावीची मॅट्रिक पास झाले. घरात मुलगी मॅट्रिक होण्याची ही पहिलीच वेळ. मास्तरांनी दादांना सांगितलं, हिला पुण्याला पाठवा, डी.एड. करू द्या, दोन वर्षांत नोकरी आहे. पहिल्या सहामाहीचे पैसे आईच्या गळ्यातल्या पुतळ्या मोडून भरले. खोलीचं भाडं आणि खानावळ हा प्रश्न उरला. दादांच्या मजुरीत ते बसत नव्हतं.

आईनं ठरवलं की लाडू करून जेजुरीला विकायचे.

शहरातल्या वाचकाला यात काय मोठं, असं वाटेल. तेव्हा ते मोठं होतं. लाह्या-फुटाण्याची भट्टी लावणं हे भडभुंज्यांचं काम. आमच्यासारख्या शेत असलेल्या, दाराशी एकेकाळी चार बैल असलेल्या घरातल्या बाईनं उघड्यावर टोपलं मांडून बसायचं म्हणजे घराण्याची अब्रू पायरीवर मांडायची. आमचे थोरले चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, संध्याकाळी ओट्यावर आले. आईशी ते बोलले नाहीत, तशी रीतच नव्हती. आई उंबऱ्याच्या आत, डोक्यावर पदर घेऊन उभी. बोलणं सगळं दादांशी.

"आरं, आपल्या घरातली बाई जेजुरीच्या पायरीवर टोपलं घिऊन बसनार? लोकं तोंडात शान घालतील."

दादा काही बोलले नाहीत. आतून आई म्हणाली, तेही दादांनाच उद्देशून, "त्यास्नी म्हनावं, पुतळ्या मोडल्या तवा कोन आलं न्हाई इचारायला."

तात्या म्हणाले, "पोरीला शिकवून काय कलेक्टर करायचीय?" आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं टोपलं भरलं, वर स्वच्छ धोतराचं फडकं बांधलं. दादांनी ते स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि तात्यांच्या दारावरून, गावाच्या मधल्या वाटेनं, सडकेपर्यंत नेलं. मागच्या बाजूनं ओढ्यातून जवळची वाट होती. त्या वाटेनं ते गेले नाहीत. दादांबद्दल मला कुणी विचारलं तर मी हीच एक गोष्ट सांगते.

जेजुरीला सोमवतीला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते. अमावास्या सोमवारी आली की सोमवती, म्हणजे वर्षातून दोन-तीन वेळा. त्याशिवाय मार्गशीर्षातली चंपाषष्ठी, पौषातली आणि माघातली पुनव. हे आईचे बाजाराचे दिवस. माणूस उसळायचं. 'येळकोट'च्या गजरात भंडारा उधळला की टोपल्यातले लाडू पिवळे व्हायचे. आधी आईला वाटलं, आता हे कोण घेणार. पण लोक पिवळे झालेलेच आधी उचलायचे, देवाचा भंडारा लागलाय म्हणून. तेव्हापासून तिनं फडकं अर्धंच झाकायला सुरुवात केली. दहा पैशांना एक लाडू. मोठा घेतला तर पंचवीस पैसे.

तिच्या शेजारी एक भडभुंज्याची म्हातारी बसायची, चुरमुरे-फुटाणे घेऊन. तिचा धंदा आईमुळं थोडा मागं पडला असणार. तरी पावसाळी सोमवतीला आईचे लाडू सादळून एकमेकांना चिकटले, तेव्हा तिनंच युक्ती सांगितली. गरम लाडूवर कधी झाकण घालू नये, आधी पार गार होऊ द्यावा, मग पत्र्याच्या डब्यात तळाशी भाजलेल्या मिठाची पुरचुंडी ठेवावी आणि झाकणाला फडकं घट्ट बसवावं. गूळ हवेतलं पाणी ओढतो, त्याच्या आधी मिठानं ओढलं तर बरं, असा हिशोब. आईनं तिला बदल्यात लाह्यांचं पीठ दिलं. दोघी पुढं दोन वर्षं शेजारीच बसल्या. जेवायच्या वेळी भाकरी एकीची आणि कोरड्यास दुसरीचं, इथपर्यंत आलं. गावात हे कळलं तेव्हा आणखी कुजबुज झाली.

मी पुण्यात भवानी पेठेत एका वाड्यात, गावाकडच्याच एका नात्यातल्या घरी खोलीच्या कोपऱ्यात राहायची. तेव्हा भुसाराचा आणि गुळाचा बाजार तिथंच, मार्केट यार्डाचा काळ अजून यायचा होता. सकाळी कॉलेजला निघालं की रस्त्यावर गुळाचा वास आणि गांधीलमाश्या. आईनं गुळाचं काम माझ्याकडं दिलं. दर पंधरवड्याला शनिवारी मी पाच किलोचा गूळ पिशवीत घालून मिरजेकडच्या पॅसेंजरनं जेजुरीला उतरायची. गूळ कसा घ्यायचा तेही तिनं शिकवलं होतं. "पिवळाधमक बघून भुलू नगंस. नख लाव. नख रुतलं तर ठेव माघारी." मऊ, चिकट गुळाचा पाक कितीही कढवला तरी कडक होत नाही. कडक, कोरडा, फोडला की कणीदार तुटणारा गूळ हवा. आता दुकानात 'चिक्कीचा गूळ' म्हणून वेगळाच मिळतो. तेव्हा तो आपला आपण ओळखावा लागे. दुकानदार सुरुवातीला मला हसायचा, सोळा-सतरा वर्षांची पोर ढेपेला नख लावतेय म्हणून. नंतर तो स्वतःच म्हणायला लागला, "ताई, आज तुमच्या कामाचा नाही, उद्या या."

दोन वर्षांत माझी खानावळ एकदाही थकली नाही. १९७६ साली मी डी.एड. झाले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. पहिल्या पगाराच्या दिवशी आईनं टोपलं खुंटीला टांगलं. जेजुरीला परत बसली नाही. म्हातारीला मात्र दर चंपाषष्ठीला भेटायला जायची.

तात्यांनी आमच्या घरचा लाडू त्यानंतर कधी खाल्ला नाही. पंचमीच्या लाह्यांचं वाटणं दोन्ही घरांत पूर्वापार होतं, तेही त्यांनी बंद केलं. आई तरी दरवर्षी वाटीभर लाह्या त्यांच्या दारात ठेवून यायची. कधी त्या तशाच माघारी यायच्या, कधी वाटी रिकामी यायची. कुणी खाल्ल्या ते कळायचं नाही, बहुधा काकूंनी. तात्या गेले तेव्हा आई तेराव्याला गेली, सगळं केलं. त्यांचं काही चुकलं असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. माझ्या तोंडून लोकांनी पुष्कळदा ऐकलंय.

आता मी पुण्यात धनकवडीला राहते. माझी नात ज्याला कॅरॅमल पॉपकॉर्न विथ नट्स म्हणते, ते मी घरी करते. मल्टिप्लेक्समधल्या डब्यापेक्षा माझं चांगलं होतं, असं ती म्हणते आणि मला ते पटतं.

मका पॉपकॉर्नचाच घ्यावा लागतो. कणसाचा वाळवलेला साधा मका फुटत नाही, त्याचं पीठ मऊ आणि टरफल तेवढं घट्ट नसतं. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेल, तीन दाणे टाकून झाकण. ते तिन्ही फुटले की बाकीचे, साधारण ऐंशी ग्रॅम. एवढ्यात मोठं पातेलं भरतं. झाकण किंचित तिरपं ठेवायचं. वाफ बाहेर पडली नाही तर लाही चिवट होते. तडतड मंदावली, दोन आवाजांत दोन सेकंद जाऊ लागली, की गॅस बंद. गणंग वेचून काढावेत, मी ते डोळ्यांत तेल घालून वेचते, कारण पाकातला एक गणंग म्हणजे कुणाचा तरी दात.

शेंगदाणे मंद भाजून, सालं काढून, अर्धी वाटी. काजू-बदाम मिळून अर्धी. हे सगळं कोमट असलं पाहिजे, लाह्यासुद्धा. गार दाणे पाकात पडले की पाक जागीच गोठतो आणि ढेकूळ होतं. मग दोनशे ग्रॅम चिक्कीचा गूळ, दोन मोठे चमचे लोणी, दोन चमचे पाणी, मीठ चिमूटभर जास्तच. वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून बघायचा. नातीनं थर्मामीटर आणलंय, ते १४५-१५० दाखवतं तेव्हाच थेंब टण् वाजतो. दोन्ही जुळतात, म्हणून दोघींनाही बरं वाटतं. गॅस बंद करून पाव चमचा खायचा सोडा. पाक भसकन फुगतो. आई सोडा घालत नव्हती. पण त्यातल्या वायूचे बारीक बुडबुडे पाकात अडकतात, पाक पोकळ, कुरकुरीत होतो, दाताला लागत नाही. ही एक गोष्ट मी आईच्या लाडवांपेक्षा वरचढ मानते. तिला सांगितलं असतं तर तिनं पहिल्याच सोमवतीला सोडा आणला असता.

लाह्यांवर पाक ओतून दोन लांब दांड्यांच्या उलथन्यांनी वरखाली करायचं, हात घालायचा नाही. आईच्या उजव्या तळव्यावर पाकाचा डाग शेवटपर्यंत होता. ओव्हन असेल तर ताटात पसरून १२० अंशांवर अर्धा-पाऊण तास, मधे दोनदा हलवून. म्हणजे श्रावणातसुद्धा सादळत नाही. नसेल तर पंख्याखाली गार करून ताबडतोब डब्यात. मिठाची पुरचुंडी मी अजून ठेवते.

नातीनंच मला सांगितलं की अमेरिकेत शिकागोला १८९६ सालापासून क्रॅकर जॅक नावानं हेच विकलं जातं, मक्याच्या लाह्या, शेंगदाणे आणि काकवीसारखा उसाचा पाक. ज्यानं ते काढलं तो जर्मनीहून आलेला माणूस आधी रस्त्यावर लाह्या विकायचा म्हणे. मला त्या भडभुंज्याच्या म्हातारीची आठवण झाली. आणि डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली, तेव्हा सुट्या खारट लाहीला पाच टक्के, पाकिटातल्या लाहीला बारा आणि कॅरॅमलच्या लाहीला अठरा टक्के कर, असं स्पष्ट केलं गेलं. साखर लागली की लाही मिठाई होते, असा त्यामागचा विचार. आईच्या टोपल्याजवळ कुणी असा कागद घेऊन आलं असतं तर तिनं त्याच्या हातावर एक लाडू ठेवला असता.

मागच्या दिवाळीच्या आधी आमच्या सोसायटीत मुलांचा बाजार भरला. नातीनं टेबल मांडलं, चाळीस पुड्या. माझा मुलगा, जो तात्यांच्या शेवटच्या काळात त्यांना औषधं आणून द्यायचा, त्यानं स्वतः पाटी रंगवली. शेजारच्या बिऱ्हाडांनी फोटो काढले, कुणी तरी तिला 'छोटी उद्योजिका' म्हटलं. तासाभरात टेबल रिकामं. घराणं कुठलं, कुणी विचारलं नाही. विचारावं असंही नव्हतं. मी तिथंच खुर्ची टाकून बसले होते आणि पाय थोडे थरथरत होते, कशानं ते मला नीट सांगता येणार नाही.

रात्री ती हिशोबाला बसली. मका, गूळ, लोणी, काजू, बदाम, शेंगदाणे, कागदी पिशव्या. मी म्हटलं, गॅस कुठंय? आई जळणाची मोळी आधी मांडायची, मग गूळ. ती म्हणाली, "गॅसचे कसे मोजायचे?" मी सांगितलं, किती वेळ पेटला ते बघ, सिलेंडर किती दिवस पुरतो ते बघ. तिनं मोबाइलवर गुणाकार-भागाकार केला आणि रक्कम लिहिली. मग थोडं थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली, 'आजी, दोन तास'. त्याच्यापुढची जागा अजून मोकळी आहे. रोज विचारते, किती लिहू.